चोविसाव्या मिनिटाला लॉगआउट! पीएचपीचं सेशन नक्की कोण खातंय?

अर्धवट_अभियंता (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

माझी मावशी चिंचवडला वधूवर सूचक मंडळ चालवते. पूर्वी वह्या होत्या, मग एक्सेल आलं, आता साइट आहे. ज्या दादाने ती पीएचपीत बांधून दिली तो नोकरीनिमित्त बाहेर गेला आणि 'आपल्यातला कॉम्प्युटरवाला' म्हणून साइट माझ्या गळ्यात पडली. मी पोटापाण्यासाठी जावा लिहितो. पीएचपी वाचता येतं, पण घरोबा नाही.

रडगाणं असं. नोंदणीचा फॉर्म मारुतीच्या शेपटासारखा आहे. शिक्षण, पगार, नक्षत्र, गण, नाडी, देवक, मामाचं आडनाव, आणि सगळ्यात शेवटी 'अपेक्षा'. लोक 'अपेक्षा'पाशी अडतात. घरात चर्चा होते, आत्याला फोन लागतो. मग 'जतन करा' दाबलं की समोर लॉगिनचं पान, भरलेलं सगळं गायब. एका गृहस्थांनी मावशीला फोन करून विचारलं, "तुमच्या साइटला आमचा मुलगा पसंत नाही का?"

शिवाय शुल्क भरून पेमेंट गेटवेकडून परत आलं की काही जणांना पुन्हा लॉगिन करायला लागतं. पैसे कापलेले असतात, त्यामुळे माणसं घाबरतात. सगळ्यांना होत नाही, हा आणखी ताप.

आणि मंडळाच्या ऑफिसात सगळ्यांसाठी एक कॉम्प्युटर ठेवलाय. परवा एका मुलीने तिथे लॉगआउट केलं, तिच्यानंतर बसलेल्या काकांना कोऱ्या फॉर्ममध्ये तिचा पगार आणि मोबाइल नंबर आयता भरलेला दिसला. त्यावर मावशीने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मी केलेला उपाय: प्रत्येक पानाच्या डोक्यावर आयएनआय_सेट ने 'सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम' १४४०० सेकंद, म्हणजे चार तास केलं. ढिम्म फरक नाही. माझ्या लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (घरच्या घरी सरावाला चालवायचा सर्व्हर) मात्र झकास चालतं; टेस्टिंगला माझीच माहिती भरली, तासाभराने जतन केलं तरी गेली नाही. साइट शेअर्ड होस्टिंगवर आहे, पीएचपी ७.४.

शिंतोडे | मंगळवार, रात्री ११:०२

पीएचपी अजून जिवंत आहे?

निवृत्त_नाना | बुधवार, सकाळी ६:१५

शिंतोडेराव, विकिपीडिया ज्यावर चालतो ते जिवंतच म्हणायचं.

अभियंता, आधी चित्र डोक्यात पक्कं कर. देवळाबाहेर चप्पल स्टँड असतो. चपला दिल्या की नंबराचा बिल्ला मिळतो. बिल्ला तुझ्या खिशात, चपला त्याच्या फळीवर. एचटीटीपी हा महाविसराळू गडी, प्रत्येक रिक्वेस्टला तो तुला जन्मात पहिल्यांदा बघतो. म्हणून ब्राउझर दर वेळी बिल्ला पुढे करतो, तीच 'पीएचपीसेसआयडी' नावाची कूकी. तिच्यात तुझं नाव नाही, पासवर्ड नाही, नुसती अक्षरं-आकड्यांची माळ. खरा ऐवज, म्हणजेच सेशन, सर्व्हरवर, 'सेस_' ने सुरू होणाऱ्या एका फाइलमध्ये.

आता मुदती दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. बिल्ल्याची मुदत म्हणजे कूकी_लाइफटाइम. ती मुळात ०, म्हणजे ब्राउझर बंद होईपर्यंत. फळीवरच्या चपलांची मुदत म्हणजे जीसी_मॅक्सलाइफटाइम (जीसी म्हणजे जुन्याची साफसफाई). ती मुळात १४४० सेकंद, बरोबर २४ मिनिटं. तुझ्या लोकांच्या खिशात बिल्ला शाबूत असणार. चपला फळीवरून गेल्यात.

अवांतर: पीएचपी ३ मध्ये हे सेशन प्रकरण अंगभूत नव्हतंच. पीएचपीलिब नावाचं वेगळं बाड जोडायला लागायचं. २००० साली पीएचपी ४ आलं तेव्हा ते घरात आलं.

सर्व्हरवाला_सदू | बुधवार, सकाळी १०:२०

नानांशी सहमत. पण अंदाजपंचे काही बदलू नकोस. लॉगिन कर, हात न लावता बसून राहा, आणि किती मिनिटांनी जातं ते घड्याळ लावून मोज. चार-पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी. आकडे इथे टाक.

लारावेलप्रेमी | बुधवार, सकाळी ११:४५

२०१० च्या पद्धतीने हाताने सेशन सांभाळताय? लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये टाका, सगळं आयतं मिळतं.

निवृत्त_नाना | बुधवार, दुपारी १२:१०

मिळतं की. तिथे मुदत मुळात १२० मिनिटं. एकशेएकविसाव्या मिनिटाला तोच गृहस्थ 'जतन करा' दाबेल आणि '४१९ पेज एक्स्पायर्ड' बघेल. मावशीला इंग्रजीतून नकार कळवायचा असेल तर उत्तम.

अर्धवट_अभियंता | गुरुवार, रात्री ११:३०

सदूदादा, मोजलं. काल सकाळी अकराला: २५ मिनिटं. दुपारी चारला: २४ मिनिटं आणि काही सेकंद. संध्याकाळी सातला: पुन्हा २५ च्या आत. मग रात्री दोन वाजता उठून केलं (आई म्हणाली, मंडळात तुझंच नाव घालायची वेळ आलीय), तर ५० मिनिटं टिकलं! मी चार तास लिहिलंय, मग हे २४ आलं कुठून?

सर्व्हरवाला_सदू | शुक्रवार, सकाळी ९:४०

तुझ्या रात्रीच्या जागरणाने चोर सापडला. सांगतो.

पीएचपी जुनी सेशनं झाडायला वेगळा झाडूवाला ठेवत नाही. कुणीतरी सेशन_स्टार्ट केलं की त्याच वेळी सोडत निघते. जीसी_प्रोबॅबिलिटी १ आणि जीसी_डिव्हायजर १०० असेल तर शंभरात एकदा. सोडत लागली की त्या रिक्वेस्टने ती अख्खी फळी झाडायची, आणि किती जुनं ते फेकायचं हे ठरतं त्या रिक्वेस्टच्या जीसी_मॅक्सलाइफटाइमवर. ज्याची चप्पल आहे त्याच्या नव्हे.

तुझ्या होस्टिंगवर शेकडो साइट एकाच सिस्टिम युजरच्या नावाने चालत असणार आणि सगळ्यांची सेशनं एकाच टेम्प फोल्डरमध्ये पडत असणार. जुनी पद्धत, पण स्वस्तातल्या होस्टिंगवर भेटते. तू चार तास लिहिलेस, शेजारच्या साइटने काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे १४४०. तिची सोडत लागली की ती तुझ्याही चपला फेकते. दिवसा शेजाऱ्यांकडे गर्दी, सोडत सारखी लागते, म्हणून तू चोविसाव्या मिनिटाला रस्त्यावर. रात्री दोनला शेजारी झोपलेले, सोडतच नाही, म्हणून पन्नास मिनिटं. झॅम्पमध्ये तू एकटाच, म्हणून सगळं झकास.

आणखी एक. २४ मिनिटं लॉगिनपासून मोजत नाहीत, शेवटच्या रिक्वेस्टपासून मोजतात. माणूस फॉर्म भरताना कितीही टकटक करू दे, सर्व्हरकडे काहीच जात नाही. त्याच्या लेखी हा माणूस झोपलाय.

उपाय: स्वतःची फळी घे. होस्टिंगच्या होम फोल्डरमध्ये, पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर, एक फोल्डर कर, परवानगी ७००, आणि सेशन.सेव्ह_पाथ तिकडे वळव. आत केलास तर सेशनच्या फाइली कुणीही ब्राउझरमधून उतरवून घेईल. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून ठळक केलंय.

भाकरवडी | शुक्रवार, सकाळी १०:५५

सदू, तू अर्धंच सांगितलंस. जो शेजारी तुझी फाइल पुसू शकतो तो ती वाचूही शकतो. फाइलच्या नावातच सेशन आयडी असतो. ते नाव कूकीत घातलं की तो थेट त्या सभासदाच्या खात्यात. लग्नाच्या साइटवर पत्ते, पगार, मुलींचे नंबर असतात. एक सिस्टिम युजर सगळ्यांना वाटणारं होस्टिंग असेल तर फोल्डर हलवूनही फोल्डरचा मालक तोच. होस्टिंगच बदल.

अर्धवट_अभियंता | शुक्रवार, रात्री ९:२०

होस्टिंग बदलतो, मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. तोवर तात्पुरता फोल्डर हलवायला गेलो. .एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचे या वेब सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत) पीएचपी_व्हॅल्यू ची ओळ लिहिली आणि अख्खी साइट ५०० एरर. मावशीचा फोन दीड मिनिटात.

सर्व्हरवाला_सदू | शुक्रवार, रात्री ९:३५

म्हणजे पीएचपी अपाचेच्या पोटात नाही, बाहेर सीजीआय किंवा एफपीएम म्हणून चालतंय. अपाचेला 'पीएचपी_व्हॅल्यू' हा शब्दच माहीत नाही, म्हणून ५००. ती ओळ काढ आणि .यूजर.आयएनआय नावाच्या फाइलमध्ये सेव्ह_पाथ आणि मॅक्सलाइफटाइम लिही. लिहिल्यावर पाच मिनिटं चहा घे. ती फाइल मुळात ३०० सेकंद कॅशमध्ये राहते. लोक ते विसरतात, 'चालत नाही' म्हणून दहा ठिकाणी बदल करतात, मग कशाने चाललं तेच कळत नाही.

पुढे स्वतःचा उबंटू सर्व्हर घेतलास तर तिथली तऱ्हा उलटी. तिथे सोडत बंदच असते, प्रोबॅबिलिटी ०. त्याऐवजी ठरावीक वेळी, दर तासाच्या ९ व्या आणि ३९ व्या मिनिटाला, एक काम येऊन फळी झाडतं. ते पीएचपी.आयएनआय मधलं वाचतं, तुझ्या पानातला आयएनआय_सेट त्याला दिसत नाही. आणि पानातूनच सेव्ह_पाथ वेगळा केलास तर ते तिकडे फिरकतही नाही. मग फाइली साठत जातात, साठत जातात, आणि एक दिवस डिस्कवर जागा असूनही नवी फाइल बनत नाही. आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपलेले.

पहिलटकर | शनिवार, सकाळी ८:०५

मी डिप्लोमाला आहे, धागा वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक बाळबोध प्रश्न. जावास्क्रिप्टने दर पाच मिनिटांनी सर्व्हरला एक छोटी रिक्वेस्ट मारत राहिलं तर सेशन मरणारच नाही ना? मग हे सगळं कशाला?

निवृत्त_नाना | शनिवार, सकाळी ८:४०

प्रश्न बाळबोध नाही, बाळा. मीही तेच सुचवणार होतो.

भाकरवडी | शनिवार, सकाळी ९:१५

नाना, तुम्हीसुद्धा? ऑफिसातला कॉम्प्युटर आठवा. मुलगी फॉर्म अर्धवट ठेवून पाणी प्यायला गेली, तिथूनच घरी गेली. तुमचं पाच मिनिटांचं टुकटुक रात्रभर सेशन जागं ठेवणार. सकाळी जो पहिला बसेल त्याच्या हातात तिचं खातं.

माझ्या मते इथे प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. लोकांना सेशन लांब नकोय, लिहिलेलं हरवायला नकोय. मग लिहिलेलं वाचवा. फॉर्मचा प्रत्येक भाग भरला की मसुदा म्हणून डेटाबेसात टाका, सभासद क्रमांकाच्या नावाने. सेशन मेलं तरी पुन्हा लॉगिन केल्यावर 'अपेक्षा'पर्यंतचं सगळं जिथल्या तिथे. मग सेशन अर्ध्या तासाचं ठेवा की वीस मिनिटांचं, कुणाचं काही अडत नाही.

आणि मुदत जीसीच्या भरवशावर सोडू नका. ती साफसफाई आहे, पहारेकरी नव्हे. सदूने सांगितलं तसं रात्री ५० मिनिटं टिकलं. म्हणजे 'चोवीस मिनिटांनी बंद' असं समजून चाललात तर तेही खोटं. सेशनमध्ये 'शेवटची_हालचाल' म्हणून टाइम() ठेवा, प्रत्येक पानावर फरक बघा, जास्त झाला की स्वतः बंद करा. जीसीची मुदत त्याहून थोडी जास्त ठेवा.

निवृत्त_नाना | शनिवार, सकाळी ९:३०

पटलं. शब्द मागे घेतो. फॉर्म चार पानांत तोडला तर मसुदा आपोआपच जतन होत जाईल, जावास्क्रिप्टही लागणार नाही.

अर्धवट_अभियंता | शनिवार, दुपारी २:००

मावशी म्हणते चार पानं चालतील, पण देवक आणि गोत्र पहिल्या पानावर हवं. "उगाच चारही पानं भरून मग सगोत्र निघायला नको."

भाकरवडीताई, आता लॉगआउटची फाइल बघतो तर त्यात एकच ओळ: अनसेट($_सेशन['सभासद_क्र']). बाकी काही नाही. आणि जुन्या दादाने फॉर्म चुकला तर पुन्हा भरायला नको म्हणून सगळी उत्तरं $_सेशन['फॉर्म'] मध्ये ठेवलेली आहेत. म्हणजे काकांना मुलीचा पगार दिसला तो असा.

भाकरवडी | शनिवार, दुपारी २:४०

असाच. नाव पुसलं, ऐवज फळीवर तसाच, बिल्लाही तोच. लॉगआउटला तिन्ही गोष्टी करायच्या: $_सेशन ला रिकामा अ‍ॅरे द्यायचा, सेटकूकी ने तीच कूकी, त्याच पाथ आणि डोमेनसकट, गेलेल्या तारखेची करून पाठवायची, आणि मग सेशन_डिस्ट्रॉय(). नुसत्या डिस्ट्रॉयने सर्व्हरवरचा डेटा जातो, पण चालू पानातला $_सेशन आणि ब्राउझरमधली कूकी राहते. नाव फसवं आहे.

लॉगआउट हे लिंकने नको, पोस्टने (फॉर्म पाठवून) कर, सोबत टोकन, म्हणजे आपल्याच पानाने दिलेली गुप्त खूण. नाहीतर कुणी फोरमवर चित्र म्हणून तुझ्या लॉगआउटचा पत्ता टाकला तरी लोक बाहेर फेकले जातील.

कोकणी_कीबोर्ड | शनिवार, दुपारी ४:१०

लॉगआउटनंतर बॅक दाबून बघितलंस का? आमच्याकडे तिथेच दिसायचं सगळं.

अर्धवट_अभियंता | शनिवार, दुपारी ४:५०

दिसतंय!! आधीच्या सभासदाचं पान जसंच्या तसं.

निवृत्त_नाना | शनिवार, संध्याकाळी ५:३०

कोडमध्ये 'कॅश_लिमिटर' शोध. पीएचपी मुळात सेशनच्या पानांना 'नोकॅश' लावतं, त्यात नो-स्टोअर येतं आणि ब्राउझर पान साठवत नाही. बॅक दाबल्यावर 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का' असं ब्राउझर विचारतो, त्याला कंटाळून लोक ते 'प्रायव्हेट' करून टाकतात. तुझ्या दादाने तेच केलं असणार.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोकॅश असताना पीएचपी जो 'एक्सपायर्स' हेडर पाठवतं त्यातली तारीख बघ: गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८१, सकाळी ८:५२. गेलेली कुठलीही तारीख चालली असती. मग हीच का? सेशनचं मॉड्यूल लिहिणाऱ्या साशा शूमनचा तो वाढदिवस. जगभरच्या साइटी वर्षानुवर्षं एकाच माणसाची जन्मवेळ पाठवतायत.

शिंतोडे | शनिवार, संध्याकाळी ५:४१

जन्मवेळ आहे, जन्मतारीख आहे. जन्मठिकाण मिळालं की पत्रिका करून मंडळात टाका.

अर्धवट_अभियंता | शनिवार, संध्याकाळी ६:१५

नाना, सापडलं. 'प्रायव्हेट_नो_एक्स्पायर' लिहिलं होतं. काढलं, बॅक बंद. पण आता पेमेंटचं कोडं. कुणाला होतं, कुणाला नाही?

भाकरवडी | शनिवार, रात्री १०:००

एक विचारते. तक्रारी नव्या सभासदांच्याच आहेत ना? नूतनीकरणवाले शांत?

अर्धवट_अभियंता | शनिवार, रात्री १०:२०

मावशीची वही बघून सांगतो... हो! नूतनीकरणवाल्यांची एकही तक्रार नाही. ताई, तुम्हाला कसं कळलं?

भाकरवडी | रविवार, सकाळी १०:३०

गेटवे तुझ्या साइटवर परत पाठवताना फॉर्म पोस्ट करतो. म्हणजे दुसऱ्या साइटने तुझ्या साइटवर केलेलं पोस्ट. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून, ज्या कूकीवर सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना कूकी द्यायची की नाही ही सूचना) काही लिहिलेलं नाही ती 'लॅक्स' धरायला सुरुवात झाली. (करोनामुळे एप्रिलमध्ये मागे घेतलं, जुलैत पुन्हा लावलं.) लॅक्सचा अर्थ असा: दुसरीकडून साध्या लिंकने कुणी आलं तर कूकी देईन, दुसऱ्याने पोस्ट केलं तर नाही देणार. तुझ्या पीएचपीने सेमसाइट लिहिलेलं नाही, मुळात ते रिकामंच असतं. म्हणजे माणूस देवळातून परत येतोय आणि बिल्ला खिशातून बाहेरच काढू देत नाहीत.

आता 'काही जणांना' का? क्रोमने एक सवलत ठेवली. सेमसाइट न लिहिलेली कूकी दोन मिनिटांपेक्षा ताजी असेल तर अशा पोस्टबरोबरही जाते. जुना सभासद साइट उघडतो, 'नूतनीकरण' दाबतो, यूपीआयने दीड मिनिटात मोकळा. नवा सभासद आधी अर्धा तास फॉर्म भरतो, मग पैशांकडे वळतो. त्याची कूकी शिळी झालेली असते.

पुढचं जास्त वाईट आहे. तुझं परतीचं पान आल्याआल्या सेशन_स्टार्ट करतं. कूकी आलेली नाही, म्हणून पीएचपी नवं रिकामं सेशन काढून नवी कूकी पाठवतं आणि ती जुन्या चांगल्या कूकीवर बसते. लॉगिन इथे कायमचं जातं.

म्हणून परतीच्या पानावर सेशन उघडूच नकोस. गेटवेची सही आपल्या गुप्त किल्लीने तपास, ऑर्डर क्रमांक आणि रक्कम डेटाबेसातल्या नोंदीशी जुळव, 'पैसे आले' लिही, आणि ३०३ ने ('आता या पानावर जा' हा ब्राउझरला निरोप) साध्या पानावर पाठव. ते साध्या लिंकसारखं 'गेट' होतं, लॅक्स कूकी त्याच्याबरोबर जाते, माणूस लॉगिन झालेलाच सापडतो. पैसे कुणाचे हे ऑर्डर क्रमांकावरून ठरव, सेशनवरून कधीच नको. आणि माणसाने मध्येच ब्राउझर बंद केला तर? म्हणून गेटवेचा सर्व्हर-ते-सर्व्हर निरोपही लावून घे.

हे झाल्यावरच सेमसाइट स्वतः 'लॅक्स' लिही. उलट क्रमाने केलंस तर ती दोन मिनिटांची सवलतही जाईल आणि नूतनीकरणवालेही फोन करू लागतील.

सर्व्हरवाला_सदू | रविवार, सकाळी ११:००

वाखूसा (वाचनखूण साठवली). शिवाय परतीचा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आहे की त्याशिवाय तेही बघ. पीएचपीची कूकी ज्या नावाने साइट उघडली त्याच नावाला चिकटते.

अर्धवट_अभियंता | रविवार, दुपारी १:१५

...शिवाय आहे. साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूने उघडते. तेही होतं तर!

पहिलटकर | रविवार, दुपारी ३:३०

मी घरी करून बघत होतो. सेमसाइट 'लॅक्स' हे पीएचपीत कसं लिहायचं? आणि सेशन_स्टार्टवर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' येतंय. ओळ १, फाइल कॉन्फिग. पहिल्या ओळीत तर पीएचपीचा उघडता टॅगच आहे, त्याआधी काहीच नाही!

कोकणी_कीबोर्ड | रविवार, दुपारी ३:५०

कॉन्फिगमध्ये मराठी मजकूर आहे? नोटपॅडमध्ये जतन केलीस?

पहिलटकर | रविवार, दुपारी ३:५५

हो!! 'आपले स्वागत आहे' लिहिलंय.

कोकणी_कीबोर्ड | रविवार, दुपारी ४:२०

मराठी साइटवाल्यांचा हा जुना रोग. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये जतन करताना फाइलच्या तोंडाशी तीन बाइट गुपचूप लावायचं, त्याला बॉम म्हणतात. डोळ्याला दिसत नाही, पण पीएचपी ते पानाचा मजकूर म्हणून पाठवून मोकळं होतं. मजकूर गेला की हेडर जाऊ शकत नाही, आणि कूकी हा हेडरच. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना यूटीएफ-८ लागायचंच नाही, त्यामुळे त्यांना हा साप चावायचा नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून नोटपॅड मुळात बॉमशिवाय जतन करतं. तुझं जुनं असेल. दुसऱ्या एडिटरमध्ये उघड, 'बॉमशिवाय यूटीएफ-८' निवड. आणि फाइलच्या शेवटी पीएचपीचा बंद टॅग लिहूच नकोस, त्याच्या मागची एक रिकामी ओळही हेच करते.

झॅम्पवर हे बहुधा दिसत नाही, कारण तिथे आउटपुट_बफरिंग चालू असतं, ते पाप पोटात घालतं. सर्व्हरवर गेल्यावर फुटतं.

भाकरवडी | रविवार, संध्याकाळी ७:००

पहिलटकर, सेशन_सेट_कूकी_पॅराम्स ला ७.३ पासून अ‍ॅरे देता येतो: सिक्युअर ट्रू, एचटीटीपीओन्ली ट्रू, सेमसाइट लॅक्स. सेशन_स्टार्टच्या आधी. एचटीटीपीओन्ली म्हणजे पानावरच्या जावास्क्रिप्टला बिल्ला वाचता येत नाही. सिक्युअर म्हणजे एचटीटीपीएसशिवाय बिल्ला दाखवायचा नाही. ही सिक्युअरची अट का, ते जुन्यांना आठवत असेल. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेंशन आलं होतं. कॉफी शॉपच्या उघड्या वायफायवर बसायचं आणि शेजाऱ्याच्या कूकीवर टिचकी मारून त्याच्या खात्यात शिरायचं. पासवर्डची गरजच नाही.

आणि अभियंता, लॉगिन यशस्वी झालं की त्याच क्षणी सेशन_रीजनरेट_आयडी(ट्रू). तुझ्या कोडमध्ये नाही, मला खात्री आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एखाद्याने लॉगिन न करता आपला बिल्ला नंबर टिपून ठेवला आणि उठला. पुढच्या मुलीने त्याच बिल्ल्यावर लॉगिन केलं. आता तो घरून तोच नंबर दाखवेल आणि सर्व्हर म्हणेल, या ताई. म्हणून लॉगिनला बिल्ला बदलायचाच. सोबत सेशन.यूज_स्ट्रिक्ट_मोड १ कर, म्हणजे सर्व्हरने न दिलेला, कुणी घरी बनवून आणलेला बिल्ला चालणार नाही. तो मुळात बंद असतो.

शिंतोडे | रविवार, संध्याकाळी ७:१०

या देवळात दर्शन कमी आणि चपलाच जास्त.

लारावेलप्रेमी | रविवार, संध्याकाळी ७:२५

मी सेशनला आयपी बांधतो. आयपी बदलला की बाहेर. सोपं.

सर्व्हरवाला_सदू | रविवार, संध्याकाळी ७:५०

लोकलमधून फॉर्म भरणाऱ्या माणसाला नको करू असं. घरचं वायफाय सुटलं, मोबाइल डेटा आला, आयपी बदलला. आणि उलट, मोबाइल कंपन्या एका आयपीमागे असंख्य लोक ठेवतात, त्यामुळे आयपी सारखा म्हणून माणूस तोच हेही खरं नाही. चोराला अडवत नाही, घरच्याला अडवतं.

अभियंता, 'स्थळं' पान उघडायला किती वेळ लागतो रे? सहज विचारतोय.

अर्धवट_अभियंता | रविवार, रात्री ८:३०

भयंकर. फोटो एकामागून एक, रांगेत लागल्यासारखे येतात. मला वाटलं होस्टिंग हळू आहे. फोटो थेट कुणाला दिसू नयेत म्हणून फोटो.पीएचपी मधून जातात, ती आधी लॉगिन तपासते.

सर्व्हरवाला_सदू | रविवार, रात्री ८:४५

रांगच आहे ती. सेशन_स्टार्ट फाइलला कुलूप लावतं आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत सोडत नाही. ब्राउझर बारा फोटो एकदम मागतो, अकरा कुलपाबाहेर ताटकळतात. फोटो.पीएचपी मध्ये सेशन_स्टार्ट ला 'रीड_अँड_क्लोज' ट्रू दे, ७.० पासून आहे. वाचलं की लगेच कुलूप उघडतं. दुसऱ्या पानांवर सेशनमध्ये लिहून झालं की सेशन_राइट_क्लोज().

अर्धवट_अभियंता | पुढच्या शनिवारी, रात्री ११:१०

सांगतो काय झालं. फोटो आता एकदम येतात, मावशीला वाटलं मी नवा सर्व्हर घेतला. फॉर्म चार पानांचा झाला, मसुदा डेटाबेसात, गोत्र पहिल्या पानावर. परतीचं पान सेशनला हात लावत नाही, पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट. आठवडाभरात पेमेंटची तक्रार नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पंधरा मिनिटं काही केलं नाही की बाहेर.

एक नवीन घाण सापडली. पासवर्ड एमडी५ या जुन्या, सहज फुटणाऱ्या हॅशमध्ये आहेत, मीठ (प्रत्येक पासवर्डला जोडायची वेगळी अक्षरं) न घालता.

भाकरवडी | शनिवार, रात्री ११:२५

लगेच. पासवर्ड_हॅश २०१३ पासून, पीएचपी ५.५ मध्ये आहे. जुन्या सगळ्या एमडी५ वर आत्ताच पासवर्ड_हॅश चढव, तपासताना आधी एमडी५ मग पासवर्ड_व्हेरिफाय. पुढे जो लॉगिन करेल त्याचा थेट नवा हॅश करून घे. एमडी५ चा रकाना आजच्या आज काढ, जुन्या बॅकअपमधूनही. आणि ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय. नव्या होस्टिंगवर ८ च्या घरातलं घे.

निवृत्त_नाना | रविवार, सकाळी ६:२०

टेस्टिंगसाठी स्वतःची माहिती भरली होतीस ती काढलीस ना रे?

अर्धवट_अभियंता | रविवार, सकाळी ९:५०

लॅपटॉपवरची काढली. सर्व्हरवर पण एकदा भरली होती हे विसरलो. मावशीने ती 'मंजूर' केलीय. पगार मी ९,९९,९९,९९९ टाकला होता, रकाना किती आकडे घेतो ते बघायला.

तीन फोन आलेत.